तोल दोन हातांच्या मधला : नेर परिसरातील पीकरक्षणासाठी हलक्या बंदुकीची निवड

अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे नेर, म्हणजे जुन्या कागदपत्रांतले नेर परसोपंत, ज्या तालुक्याचे ठिकाण आहे तेथे सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्यापासून हरभऱ्याचे घाटे वाळेपर्यंत शेताची रात्रीची राखण, म्हणजे जागल, चुकत नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक उकरून आणि तुडवून जातो, आणि रोही, ज्याला ग्रंथांत नीलगाय म्हटले जाते, तुरीचे शेंडे व हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून टाकतो. अशा प्रदेशात हलक्या आणि नीट तोललेल्या शिकारी रायफलीचा विचार करताना परदेशी मासिकांतला सल्ला जसाच्या तसा उचलता येत नाही, कारण तो सल्ला डोंगर चढून दिवसभर सावजामागे चालणाऱ्या हौशी शिकाऱ्यासाठी लिहिलेला असतो. नेरकडील बंदूकधारी शेतकरी फार तर घरापासून शेतापर्यंतची पांदण तुडवतो, मचाणावर किंवा धुऱ्यावर तासन्‌तास बसून राहतो आणि मग अंधारात दोन-तीन क्षणांच्या अवधीत त्याला बंदूक खांद्याला लावावी लागते. वजनाचा प्रश्न त्याच्यापुरता वाहण्याचा कमी आणि उचलण्याचा जास्त असतो. म्हणून काट्यावर दिसणाऱ्या किलोंपेक्षा ते किलो बंदुकीच्या कोणत्या भागात बसले आहेत याची चौकशी त्याने आधी करावी.

मात्र बंदूक पाहण्यापूर्वी कायदा पाहणे क्रमप्राप्त आहे, कारण निवडीचा बराचसा भाग कायदाच करून टाकतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ९ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि हौसेची शिकार नावाची गोष्ट देशात कायदेशीररीत्या अस्तित्वात नाही. कलम ११ मध्ये जो अपवाद आहे तो असा की, अनुसूचीतील विशिष्ट प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने, कारणे नमूद करून, त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, रानडुक्कर आणि नीलगाय हे दोन्ही प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आहेत आणि म्हणून या अपवादाच्या कक्षेत येतात. त्यासाठीचा अर्ज शेतकऱ्याने आपल्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात करावा आणि कागद हाती आल्याखेरीज बंदूक घराबाहेर काढू नये. याच कलमात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी सद्‌भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे, परंतु त्यात पिकाचा समावेश नाही. हरभरा वाचवीत होतो, एवढे सांगून तेथे सुटका होत नाही. पश्चिमेला शेजारच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ हे अभयारण्य मुळात काळविटांसाठी राखलेले आहे, आणि काळवीट, बिबट, वाघ हे पहिल्या अनुसूचीतील प्राणी असून त्यांच्या बेकायदा शिकारीला किमान ३ वर्षांची कैद आहे. अंधारात रोह्याचे पिल्लू आणि काळविटाची मादी यांच्यात गल्लत होऊ शकते, ही गोष्ट पुढे दुर्बिणीचा विचार करताना ध्यानात ठेवावी लागेल.

दुसरा कायदा शस्त्र अधिनियम, १९५९. त्याच्या कलम १३ मध्ये पीकरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरावयाच्या बंदुकीचा, परवाना देण्याची तरतूद तेथे आहे, आणि ठासणीची बंदूक त्या कामाला पुरी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तर २० इंचांपेक्षा कमी लांबीची नसलेली गुळगुळीत नळीची अन्य बंदूकही मंजूर होऊ शकते. ज्याला रायफल म्हणतात ती यात येत नाही. रायफल म्हणजे जिच्या नळीच्या आत सर्पिल खाचा पाडलेल्या असतात आणि त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ व लांब जाते अशी बंदूक. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. म्हणजे पीकरक्षणाच्या नावाने अर्ज करणाऱ्याला जे सहज मिळू शकते ते रायफल नसून बारा बोरची एकनळी किंवा दुनळी आहे, आणि नेरच्या काळ्या, सपाट रानात हे चांगलेच आहे असे म्हणावे लागते. रायफलची गोळी चुकली तर ती ३ किलोमीटरहून अधिक अंतर कापू शकते, आणि तेवढ्या टापूत रात्री जागलीला बसलेली आणखी किती माणसे असतील याचा अंदाज शेजारच्या धुऱ्यावरून बांधता येत नाही.

परवाना अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते, पोलिसांकडून चौकशी होते आणि प्रत्येक परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय माहितीसंचात विशिष्ट क्रमांकाने होते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. ज्यांच्याकडे वारशाने किंवा अन्य कारणाने रायफलचा परवाना आहे त्यांनी बोर, म्हणजे नळीचा आतला व्यास, याबाबत सावध असावे, कारण सैन्य आणि पोलीस वापरत आलेले .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर हे बोर निषिद्ध मानले जातात. परदेशी लेखांत सर्रास सुचवली जाणारी .३०८ ही ७.६२ चीच जुळी असल्यामुळे ती येथे मिळणार नाही असेच धरून चालावे. उरतात त्या मुख्यतः इशापूरच्या कारखान्यात बनणारी .३१५, तशीच .३०-०६, आणि लहान .२२. यांपैकी .२२ ची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असून ती निशाणेबाजीच्या सरावासाठी आहे; तिने रानडुक्कर मरत नाही, जखमी होऊन तुरीत शिरते, आणि जखमी डुकराच्या मागे रात्री तुरीत शिरणे म्हणजे काय हे या भागात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आता वजनाकडे वळता येईल. उडालेली गोळी, छर्रे आणि जळालेल्या दारूचा वायू जेवढ्या संवेगाने पुढे जातात तेवढ्याच संवेगाने बंदूक मागे येते, आणि तो संवेग बंदूक हलकी असो वा जड, काडतूस तेच असेल तर बदलत नाही. परंतु खांद्याला जाणवणारा धक्का, म्हणजे मागे येणाऱ्या बंदुकीची ऊर्जा, ही वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते: ४ किलोच्या बंदुकीऐवजी ३ किलोची घेतली तर त्याच काडतुसाचा धक्का एक-तृतीयांशाने वाढतो. याचा परिणाम खांद्यापेक्षा मनावर अधिक होतो, कारण दोन-चार वेळा जोरात दणका बसलेला मनुष्य चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटू लागतो आणि चाप हळुवार दाबण्याऐवजी हिसकतो. नेम चुकण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे आणि दुकानात बंदूक हाताळताना ते कधीच कळत नाही. अमेरिकेतील जेफ कूपर यांनी १९८० च्या दशकात सर्वोपयोगी हलक्या रायफलीची जी कल्पना मांडली तीत दुर्बीण आणि पट्टा धरून, काडतुसे न भरता, आदर्श वजन ३ किलो आणि कमाल ३.५ किलो ठरवले होते, आणि हा आकडा पुष्कळ अनुभवानंतर काढलेला असल्यामुळे तो आजही उपयोगी पडतो. १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना जी .२७५ बोरची रिग्बी रायफल भेट मिळाली ती याच जातीची, हातात सुटसुटीत. परंतु त्याच कॉर्बेट यांच्याजवळ .४५०/४०० बोरची जड दुनळी रायफलही होती, हे हलक्या बंदुकीचे कौतुक करणारे बहुधा सांगत नाहीत. उलट टोकाला स्पर्धेच्या रायफली आहेत. १० मीटर हवाई रायफलची कमाल मर्यादा ५.५ किलो आणि ५० मीटर रायफलची ८ किलो आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते या दुसऱ्या प्रकारात. जड बंदूक डगमगत नाही म्हणून तेथे ती हवी असते. तिथले लक्ष्य मात्र जागचे हलत नाही आणि उजेडही भरपूर असतो.

पीकरक्षणाच्या कामासाठी, या दोन टोकांच्या मध्ये, बारा बोरची बंदूक ३ किलोच्या आसपास आणि रायफल दुर्बिणीसह साडेतीन ते पावणेचार किलोपर्यंत असावी, असा सर्वसाधारण निष्कर्ष काढता येतो. यापेक्षा हलकी बंदूक घेण्याचा मोह टाळावा. वजन कमी करण्याचे उपाय मर्यादित आहेत, आणि प्रत्येकाची काहीतरी किंमत मोजावी लागते: नळी आखूड केली तर तोंडाशी होणारा आवाज आणि झळाळी वाढते, नळी बारीक केली तर ती लवकर तापते, आणि शिसवाच्या दस्त्याऐवजी अक्रोडाचा घेतला तर वजन थोडे घटते पण पैसे बरेच वाढतात. दस्ता म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा लाकडी भाग. शिसव अक्रोडापेक्षा घन असते आणि मागचा भाग विनाकारण जड करते. नळी तापण्याची काळजी मात्र जागलीला नसते, कारण एका रात्रीत एक, फार तर दोन बार होतात.

तोल म्हणजे काय, हे पाहण्याची रीत अगदी सोपी आहे. रिकामी असल्याची दोनदा खात्री करून घेतलेली बंदूक सुतळीच्या फासात आडवी टांगावी आणि ती ज्या ठिकाणी सरळ राहील तेथे खडूने खूण करावी. तो तिचा तोलबिंदू. दुनळी बंदुकीत तो बिजागरीच्या खिळ्यावर किंवा बोटभर पुढे येणे चांगले मानले जाते, आणि रायफलमध्ये काडतुसांच्या पेटीच्या पुढच्या कडेजवळ. याचा व्यवहारातला अर्थ असा की, चापाजवळचा हात आणि नळीखालचा हात यांच्या बरोबर मध्ये बंदुकीचे वजन पडावे, म्हणजे दोन्ही हातांना सारखा भार येतो आणि बंदूक खांद्याकडे येताना तोंड वर किंवा खाली झुकत नाही. ठासणीची बंदूक या कसोटीवर क्वचितच उतरते, कारण तिची लांब नळी सारे वजन पुढे ओढते. ती मचाणाच्या कठड्यावर टेकवून चालवायची वस्तू आहे, उभ्याने चालवायची नव्हे.

परंतु तोलबिंदू एकच असलेल्या दोन बंदुकाही हातात निराळ्या वाटतात, आणि दुकानदारांचे लक्ष सहसा या भागाकडे जात नाही. काठीच्या मध्यभागी दोन किलोचा दगड बांधला तर ती हातात गरकन फिरते. तेच दोन किलो विभागून काठीच्या दोन्ही टोकांना बांधले तर तोलबिंदू मध्यावरच राहतो, पण काठी फिरवताना मनगट थकते आणि फिरू लागलेली काठी थांबवणेही जड जाते. बंदुकीचेही तसेच. जिचे वजन मध्यभागी, कळ आणि बिजागरीच्या आसपास, एकवटलेले असते ती चटकन वळते; जिचे वजन नळीच्या तोंडाकडे आणि दस्त्याच्या टोकाकडे पसरलेले असते ती सावकाश वळते, परंतु एकदा वळू लागली की सलग वळत राहते. पळत्या डुकराच्या पुढे नेम ठेवून बंदूक सरकवत न्यावी लागते, आणि तेथे तोंडाकडे किंचित जड असलेली बंदूक उपकारक ठरते, कारण फार चपळ बंदूक मध्येच थबकते आणि गोळी मागे पडते. मचाणावरून स्थिर उभ्या जनावरावर नेम धरायचा असेल तर मात्र मध्यभागी वजन असलेली बंदूक सोयीची. नेर तालुक्यातील शेतकऱ्याला दुसऱ्या प्रकारची गरज अधिक पडते, आणि पळत्या जनावरावर रात्री बार न टाकणे हेच मुळात शहाणपणाचे असल्यामुळे पहिल्या प्रकाराच्या मागे लागण्याचे कारण उरत नाही.

दुकानातून घरी आल्यावर बंदुकीला ज्या वस्तू जोडल्या जातात त्या तोल कसा बिघडवतात, हे साध्या गणिताने दाखवता येते. ३.२ किलोच्या बंदुकीच्या तोंडापाशी, म्हणजे तोलबिंदूपासून साधारण ६० सेंटिमीटर पुढे, २०० ग्रॅमची बॅटरी चिमट्याने बसवली तर तोलबिंदू साडेतीन सेंटिमीटर पुढे सरकतो. साडेतीन सेंटिमीटर म्हणजे सुमारे दोन बोटे, आणि तेवढ्याने चांगली तोललेली बंदूक नाकाकडे जड होऊन जाते. याउलट अर्धा किलोची दुर्बीण तोलबिंदूच्या जवळच बसत असल्यामुळे ती त्याला जेमतेम सेंटिमीटरभर हलवते. म्हणजे अडीचपट जड वस्तू कमी त्रास देते, कारण वजनापेक्षा ते कोठे बसते हे महत्त्वाचे. दुर्बिणीचा खरा दोष निराळा आहे: ती नळीच्या वर उंच बसली की बंदूक बाजूला कलंडू पाहते आणि गाल दस्त्यावर न टेकता हनुवटी टेकते, म्हणून तिच्या कड्या जितक्या बुटक्या मिळतील तितक्या घ्याव्यात. मोठ्या शक्तीची दुर्बीण घेऊ नये. ३० ते ५० मीटरच्या अंतरासाठी दीड ते चार पट पुरेसे असते, आणि समोरचा प्राणी रोही आहे की काळवीट हे ओळखण्याचे काम बंदुकीवरील दुर्बिणीऐवजी गळ्यात अडकवलेल्या हातातल्या दुर्बिणीने करावे, कारण ओळख पटण्यापूर्वी कोणत्याही गोष्टीकडे नळी रोखणे हा अपघाताचा राजमार्ग आहे. बॅटरी सोबत्याच्या हाती द्यावी. आवाज किंवा झळाळी दबवणारे साधन लावण्याचा विचार कोणी मनात आणत असेल तर ते शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत स्वतःच शस्त्र ठरते, एवढे सांगणे पुरे.

काडतुसांचे वजनही धरावे. बारा बोरचे एक काडतूस सुमारे ४५ ते ५० ग्रॅमचे असते, म्हणून पंचवीस काडतुसांचा पट्टा कमरेला सव्वा किलोचा भार टाकतो, आणि एका रात्रीसाठी त्यांतील वीस अनावश्यक असतात. दट्ट्या मागेपुढे सरकवून चालणाऱ्या, तिरुचिरापल्लीला बनणाऱ्या बंदुकीत काडतुसे नळीखालच्या आडव्या नळकांड्यात राहतात. ती भरली की तोल पुढे जातो आणि प्रत्येक बारासोबत मागे येतो, त्यामुळे तिचा तोल रिकाम्या अवस्थेत पाहून मत बनवू नये. दुनळीत असा बदल नसतो, शिवाय तिची दोन तोंडे दोन वेगवेगळ्या प्रमाणात आवळलेली, म्हणजे चोक केलेली, असल्यामुळे जवळ आणि थोडे लांब अशा दोन्ही अंतरांची सोय होते. या एका कारणाने पीकरक्षणासाठी दुनळीच श्रेयस्कर वाटते, जरी ती दिसायला जुनाट असली तरी.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील ‘शक्तिमान’ या नावाची बारा बोरची काडतुसे महाराष्ट्रात बहुतेकांच्या परिचयाची आहेत. छर्ऱ्यांच्या जुन्या इंग्रजी श्रेणींपैकी एलजी म्हणजे एका औंसात ६ आणि एसजी म्हणजे एका औंसात ८ दाणे. डुकरासाठी यांपैकीच घ्यावे, बारीक छर्ऱ्यांनी पूर्ण वाढलेल्या डुकराच्या खांद्यावरील जाड कातडे भेदले जात नाही. तथापि एलजीदेखील ३० मीटरच्या पुढे फाकते आणि त्यातील एखाददुसराच दाणा जनावराला लागतो, म्हणून ३० पावलांच्या आत येईपर्यंत थांबणे हा संयम बंदुकीच्या किमतीपेक्षा मोलाचा आहे. रोही दोनशे किलोंच्या पुढे जाऊ शकतो. त्यावर छर्रे टाकणे क्रूरपणाचे आहे आणि परवानगी असली तरी टाळावे.

बंदूक अंगाला बसते की नाही, हे तोलाइतकेच महत्त्वाचे आहे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर साधारणतः ३४ ते ३७ सेंटिमीटर असते. ते मोजण्याची जुनी रीत अशी की, कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक दंडाच्या आतल्या बाजूला टेकवावे आणि तर्जनी सहजपणे चापावर पोचते का ते पाहावे. इंग्लंड-जर्मनीकडील जुने दस्ते उंच माणसांच्या मापाचे असतात, आणि मध्यम बांध्याच्या मनुष्याने पौषाच्या थंडीत स्वेटरवर घोंगडी घेतली की ते आणखी दोन सेंटिमीटर लांब होतात; म्हणून माप घेताना हिवाळ्यातील कपडे घालून जावे, दुकानदार हसला तरी हरकत नाही. दुसरी कसोटी डोळे मिटून करावयाची: रिकामी बंदूक भिंतीच्या दिशेने, डोळे मिटून, दहा वेळा खांद्याला लावावी आणि दर वेळी डोळे उघडून नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरण्याचा बारीक मणी, नळीच्या मधोमध दिसते का ते पाहावे. सात-आठ वेळा ती बाजूला दिसत असेल तर ती बंदूक त्या माणसाची नव्हे, तिचा तोल कितीही उत्तम असो. शेवटी बंदूक नेमाच्या अवस्थेत मिनिटभर धरून ठेवावी. अर्ध्या मिनिटातच तोंड डोलू लागले तर वजन किंवा तोल यांपैकी काहीतरी चुकले आहे.

गेल्या शतकाच्या नवव्या दशकात परदेशी बंदुकांच्या आयातीवर कडक निर्बंध आल्यामुळे जुन्या इंग्रजी दुनळ्यांना आजही मोठी किंमत येते, आणि तोलाच्या दृष्टीने त्यांतील चांगल्या बंदुका खरोखरच अतुलनीय असतात. परंतु जुनी बंदूक घेताना परवान्यावर हस्तांतराची नोंद करून घेण्याइतकेच नळीची तपासणी करून घेणे निकडीचे आहे: नळी बंद केल्यावर हलते का, आत पोचे किंवा गंजाचे खड्डे आहेत का, काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरचे आहे की ७० चे. जिच्या नळीवर लोखंड-पोलादाच्या पिळाची नागमोडी नक्षी दिसते ती भिंतीवर शोभते, तिच्यात आजचे काडतूस कधीही भरू नये.

नेरसारख्या सपाट प्रदेशात टेकडीची पाठराखण नसते, म्हणून गोळी कोठे जाऊन थांबणार याचा विचार बंदुकीच्या निवडीतच करावा लागतो. जमिनीवर उभ्या माणसाचा नेम सुमारे दीड मीटर उंचीवरून निघतो आणि ३० मीटरवरील डुकराला चुकलेली गोळी आणखी पंधरा-सतरा मीटरांनी इतक्या सपाट कोनात जमिनीला लागते की ती घसरून पुढे उडण्याची भीती असते. चार मीटर उंच मचाणावरून तोच बार केला तर चुकलेली गोळी जनावराच्या पाठीमागे चार-पाच मीटरांत, अधिक उभ्या कोनात, काळ्या मातीत घुसते. मचाण हे बंदुकीचेच एक अंग समजावे, आणि मचाणावर वावरताना २८ किंवा ३० इंची नळीपेक्षा २६ इंची नळी फांद्यांत अडकत नाही, हेही निवड करताना विसरू नये. मचाणावर चढताना आणि उतरताना बंदूक रिकामी असावी आणि ती दोरीने वर घ्यावी.

मारलेले जनावर शेतकऱ्याचे होत नाही. कलम ३९ नुसार ते शासनाची मालमत्ता असते, म्हणून वनरक्षकाला कळवून पंचनामा होईपर्यंत ते जागेवरच ठेवावे आणि मांस वाटण्याच्या भानगडीत कोणीही पडू नये. पिकाचे नुकसान झाले असेल तर भरपाईचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि जनावर मारले म्हणून तो बाद होतो असे नाही. सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते. ज्याच्या शेताला ते लागू होते त्याने बंदुकीपेक्षा आधी त्याचा विचार करावा, कारण सौर कुंपण क्षणभराचा झटका देऊन जनावराला परतवते. थेट वीजवाहिनीवरून तारेत सोडलेला प्रवाह ही अगदी निराळी गोष्ट आहे. विदर्भात त्याने जनावरांबरोबर माणसेही मारली आहेत.

एक अडचण अशी आहे की, निवडणुकीची आचारसंहिता लागली म्हणजे परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्यास सांगितले जाते, आणि महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला व २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे दोन्ही वेळा कापसाची वेचणी सुरू असताना आणि तूर उभी असताना. पीकरक्षणाच्या परवानाधारकाने आपली गरज वेळेत अर्ज करून छाननी समितीपुढे मांडावी, आणि तरीही बंदूक जमा करावी लागली तर पावती जपून ठेवावी. ठाण्यातून परत आणलेली बंदूक, तसेच पावसाळाभर कपाटात राहिलेली, पुन्हा वापरण्यापूर्वी सुतळीवर टांगून पाहावी. लाकूड ओलाव्याने फुगते, दस्त्याचे मळसूत्र सैल पडते, कोणीतरी पट्टा बदललेला असतो, आणि खडूची जुनी खूण व आताचा तोलबिंदू यांत बोटभर अंतर पडले असेल तर बंदूक रात्री शेतात नेण्याआधी अनुज्ञप्त कारागिराकडे दाखवावी.